कर्ज मी घेतलेच होते, मग कोर्टात जाऊन सांगू काय?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात वडिलांच्या नावावरील पाच एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या एका वाचकाने लग्न ठरल्यावर, ऑगस्ट २०१७ मध्ये, एका खासगी फायनान्स कंपनीकडून फ्रीज, कूलर, पलंग आणि आलमारी यांसाठी ६०,००० रुपयांचे कर्ज घेतले. दरमहा ५ तारखेला ३,१०० रुपये, असे २४ हप्ते ठरले होते. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस गेला. तरीही एप्रिल २०१८ पर्यंतचे आठ हप्ते त्यांनी भरले, पुढचे थकले. २०१९ च्या दिवाळीत वसुलीचा माणूस घरी येऊन २,००० रुपये रोख घेऊन गेला. पावती मिळाली नाही. त्यानंतर कोणी फिरकले नाही. आता तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाचे समन्स आले असून ते त्यांच्या पत्नीने सही करून घेतले आहे. दावा फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल झाला आहे, मागणी १,३८,००० रुपयांची आहे आणि वादी कधी नावही न ऐकलेली दुसरीच कंपनी आहे. मेव्हणे म्हणतात, तारखेला जाऊच नको. शेजारी म्हणतात, कर्ज माफीत गेले असेल. फोनवरचा माणूस म्हणतो, ५,००० रुपये टाका, एका कागदावर सही करा, केस मागे घेतो. वाचक विचारतात : "कर्ज मी घेतलंच होतं, मग कोर्टात जाऊन सांगू काय? वावर जाईल का? जेल होईल का? बाबांना अजून सांगितलं नाही; सांगायलाच पाहिजे का?"

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रातील सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच तुम्हाला सर्वांत अडचणीत आणणारे आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. कर्ज घेतले होते, म्हणून सांगण्यासारखे काही उरत नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. न्यायालयाने मात्र तुम्हाला एवढाच प्रश्न विचारलेला नाही. या वादीला, ही रक्कम, आज, न्यायालयामार्फत वसूल करण्याचा अधिकार आहे का, असा तो प्रश्न आहे आणि त्याचे चारही भाग वेगवेगळे तपासावे लागतात. २०१७ मध्ये पैसे घेतल्याचे मान्य करूनही यांपैकी एक, दोन किंवा चारही भागांना तुम्ही प्रामाणिकपणे "नाही" म्हणू शकता. कर्ज बुडवणाऱ्याची ही पळवाट नव्हे. मागणाऱ्याने आपली मागणी सिद्ध करावी, ही दिवाणी न्यायाची पहिली अट आहे.

समन्स खरे आहे की नाही, ते आधी पाहा. कोर्टाचा शिक्का मारल्यासारखे दिसणारे कागद हल्ली व्हॉट्सअॅपवरही फिरतात. खऱ्या समन्सवर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही असते आणि सोबत दाव्याची प्रत जोडलेली असते. प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की पुढची तारीख दिसते. मोबाईलवर जमले नाही तर न्यायालयाच्या कार्यालयात नुसता दावा क्रमांक सांगितला तरी लिपिक सांगतात. पत्नीने सही करून समन्स घेतले, ते योग्यच केले. घरातील प्रौढ व्यक्तीकडे, मग ती स्त्री असो वा पुरुष, समन्स देता येते आणि ते नाकारले असते तर बेलिफाने, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने, ते दारावर चिकटवून तसा अहवाल दिला असता. समन्स न घेतल्याने दावा थांबत नाही. आपल्याला मिळणारी दाव्याची प्रत तेवढी हातची जाते.

आता मेव्हण्यांच्या सल्ल्याविषयी. त्यांचा हेतू चांगला असेल, पण पत्रात आलेल्या तीन सल्ल्यांपैकी सर्वांत महाग पडणारा हाच आहे. प्रतिवादी हजर झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो, वादीचे कागद आणि वादीचेच शपथपत्र न्यायाधीशांपुढे राहते आणि बहुतेक वेळा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, वादीच्या बाजूने होतो. मुदतीबाहेरचा दावा, कोणी तक्रार केली नाही तरी, न्यायालयाने स्वतःहून फेटाळावा असे मुदतीच्या कायद्याचे, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टचे, कलम ३ सांगते. पण वादीने आपल्या सोयीच्या तारखा लिहिल्या असतील आणि त्या खोडायला कोणी उभेच नसेल, तर न्यायाधीशांना त्या कशा कळाव्यात? "आपोआप मिटले" असे ज्यांना वाटले होते, अशांपैकी काहींना दोन-तीन वर्षांनी बँकेचे खाते गोठल्यावर हुकूमनाम्याची बातमी कळते. कर्जमाफीचा विषय एका ओळीत संपतो : २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या शेतीच्या कर्जांसाठी होत्या, फ्रीज-आलमारीचे कर्ज त्यांत येत नाही.

तुमच्या प्रकरणाचा गाभा मुदतीत आहे, म्हणून येथे थोडे थांबू. अशा कर्जाच्या वसुलीसाठी दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. तुमचा पहिला थकलेला हप्ता ५ मे २०१८ चा. केवळ बोटांवर मोजले तर मुदत मे २०२१ मध्येच संपली असे वाटेल, पण तसे नाही. कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला होता आणि तो येथेही वगळावा लागेल. ५ मे २०१८ पासून मार्च २०२० च्या मध्यापर्यंत सुमारे एक वर्ष दहा महिने खर्ची पडले, उरलेले सुमारे एक वर्ष दोन महिने १ मार्च २०२२ पासून मोजले, की मुदत एप्रिल २०२३ च्या सुमारास संपते. कंपनी म्हणेल, प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी धरा. ठीक आहे, तसेही धरू. शेवटचा हप्ता ५ ऑगस्ट २०१९ चा होता. त्याची मुदत याच रीतीने जुलै २०२४ मध्ये संपते. दावा आहे फेब्रुवारी २०२५ चा.

राहता राहिले दिवाळीतील ते २,००० रुपये. मुदत चालू असताना कर्जापोटी काही रक्कम भरली तर भरल्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते, पण त्यासाठी त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असावी लागते. तुम्हाला पावती मिळाली नाही. तुम्ही कुठे सही केली होती का, हे मात्र नीट आठवा, कारण वसुलीच्या माणसाकडे अनेकदा एखादी वही असते आणि पैसे घेताना तो तिच्यावर सही घेतो. सही केली असेल तरीही हिशेब तुमच्याच बाजूने झुकतो : २०१९ ची दिवाळी २७ ऑक्टोबरला होती, तेथून मोजले तरी मुदत ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापर्यंत जाते, फेब्रुवारी २०२५ पर्यंत नाही. अंतर कमी होते, एवढेच. म्हणून ही गोष्ट वकिलापासून लपवू नका. ती विरुद्ध पक्षाच्या तोंडून अचानक पुढे येण्यापेक्षा तुमच्या कैफियतीत, म्हणजे लेखी जबाबात, आधीच आलेली बरी.

हे सारे तुम्ही पत्रात लिहिलेल्या तारखा खऱ्या धरून आहे. दाव्यासोबतच्या खातेउताऱ्यात आणखी काही जमा दाखवली आहे का, तुमच्या सहीचे एखादे कबुलीपत्र जोडले आहे का, हे प्रत हातात घेऊन ओळीओळीने पाहावे लागेल. खात्यातून आपोआप कापला गेलेला एखादा हप्ता, कधीतरी भरून घेतलेला "सेटलमेंट"चा अर्ज, अशा गोष्टी इतक्या वर्षांत विसरल्या जातात. बँकेच्या पासबुकातील २०१७ ते २०२० च्या नोंदींची प्रत काढून ठेवा.

खातेउतारा हातात असताना रकमेकडेही पाहा. तुम्ही १६ हप्ते थकवले, म्हणजे ४९,६०० रुपये. त्यातून दिवाळीचे २,००० वजा केले तर राहतात ४७,६००. मागणी १,३८,००० ची आहे. मधले ९०,४०० रुपये कशाचे, हे उताऱ्याच्या उजव्या रकान्यांत शोधावे लागेल : दंडव्याज, हप्ता परत गेल्याचा आकार, घरी येण्याचा आकार, नोटीस खर्च, असे शीर्षक देऊन महिन्यामागून महिना रकमा चढवलेल्या असतात आणि कधी कधी दंडावरही व्याज लावलेले सापडते. करारात दंड लिहिला आहे म्हणून तो जसाच्या तसा मिळतो असे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ वाजवी भरपाईपुरतीच रक्कम देऊ करते. दिवाळीचे २,००० उताऱ्यात जमाच नसतील, तर तो स्वतंत्र मुद्दा होतो.

आणि ही नवी कंपनी कोण? फायनान्स कंपन्या थकलेली कर्जे गठ्ठ्याने विकतात, ती विकत घेण्याला कायद्याची मनाई नाही. पण घेणाऱ्याला ते कर्ज आपल्याकडे आल्याचा लेख दाखवावा लागतो आणि त्याच्या परिशिष्टात तुमचे खाते असावे लागते. परिशिष्टाचे पान न जोडताच दावे दाखल होतात, असेही घडते. कैफियतीत हा लेख पुराव्यानिशी सिद्ध करण्याचे आव्हान द्या.

कैफियत म्हणजे तुमचा लेखी जबाब. साध्या दाव्यात तो समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो. सबळ कारण असेल तर न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत वेळ देते, पण त्या भरवशावर राहू नये. त्यात दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळे उत्तर हवे. "दावा खोटा असून मान्य नाही" असे एका वाक्यात सगळे झटकून टाकले, तर नेमके न नाकारलेले मुद्दे कबूल केले असे धरले जाते. उलट, कर्ज घेतलेच नाही असे लिहिण्याचा मोह टाळा. तुमच्या सहीचा अर्ज आणि खात्यात आलेले पैसे समोर आहेत, कैफियतीबरोबर शपथपत्र द्यावे लागते आणि त्या एका असत्यामुळे मुदतीचा तुमचा खरा मुद्दाही फिका पडेल. कर्ज घेतले, आठ हप्ते भरले, पीक गेल्याने पुढचे राहिले, दावा मुदतबाह्य आहे, रक्कम अमान्य आहे, वादीचा अधिकार सिद्ध व्हावा, एवढे सरळ लिहिलेले पुरते.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर न्यायालयाच्याच आवारात तालुका विधी सेवा समिती असते. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अटही नाही. उत्पन्नाचा दाखला, आधार आणि समन्सची प्रत घेऊन साधा अर्ज करायचा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. तारीख जवळ आली आणि वकील ठरला नाही, तरी त्या दिवशी स्वतः हजर राहून वकील नेमण्यासाठी व कैफियतीसाठी मुदत मागण्याचा अर्ज देता येतो. सकाळी पुकारा होण्याआधी पोहोचा.

फोनवरच्या माणसाला तूर्त नाही म्हणा. मुदत संपल्यानंतर नुसते पैसे भरल्याने मुदत पुन्हा जिवंत होत नाही, हे खरे, पण तो ज्या कागदावर सही मागतो आहे त्याची गोष्ट निराळी आहे. मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे लेखी व सही केलेले वचन करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे नवा करार ठरते आणि त्यावर नवा दावा लावता येतो. म्हणजे पाच हजार रुपये देऊन तुम्ही आपल्या हातातील सर्वांत मोठा मुद्दा त्याच्या हवाली कराल. शिवाय फोनवरचा माणूस दावा मागे घेऊ शकत नाही. ते काम वादीच्या वकिलाने न्यायालयात लेखी द्यायचे असते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तोही त्याला ऐकवा.

तरीही तडजोड करावीच असे तुमच्या मनात असेल, तर ते मी चुकीचे म्हणणार नाही. मुदतीचा मुद्दा मांडणे तुमचा हक्क आहे, सक्ती नव्हे. वस्तू वापरल्या, मग मुद्दल तरी द्यावे, असे वाटणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना बावळट समजण्याचे कारण नाही. माझे मत एवढेच, की आधी कैफियत दाखल करावी आणि मग बोलावे, कारण तेव्हा समोरची कंपनी १,३८,००० वरून बोलत नाही. आकडा तुम्हाला हातात असलेल्या पैशातून खरोखर पेलणारा हवा. सोयाबीन आणि कापूस विकल्यावर येणाऱ्या रकमेच्या आशेवर आज सही करू नका. लोकअदालतीत झालेली तडजोड हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नसते, तेव्हा हप्ता चुकला तर काय, हेही त्यातच लिहून घ्या. रक्कम बँकेतूनच द्या, "बाकी काही नाही" असा दाखला घ्या आणि सिबिलची, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाची, नोंद दुरुस्त करण्याचे कलम घाला.

वावर आणि जेल यांविषयी, तुमची झोप उडवणाऱ्या गोष्टी म्हणून, स्पष्ट सांगतो. समन्स म्हणजे जप्ती नव्हे. आधी हुकूमनामा, मग तो अमलात आणण्यासाठी वादीची दरखास्त (अर्ज), त्यानंतर जप्तीचा प्रश्न. जप्तीतही शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, उपजीविकेला लागणारी जनावरे आणि बियाणे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. शेतजमिनीला मात्र असे सरसकट संरक्षण नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु जमीन वडिलांच्या नावे आहे आणि प्रतिवादी तुम्ही आहात. ती वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर तुमच्या कर्जापोटी तिला हात लागत नाही; वडिलोपार्जित असेल तर प्रश्न तुमच्या हिश्श्यापुरता येतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकायचे तर ऐपत असून मुद्दाम दिले नाही असे सिद्ध व्हावे लागते. केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनी आपला कागद कोणता आहे ते आधी ओळखावे. चेक परत गेल्याचे कलम १३८ चे प्रकरण फौजदारी असते, तेथे वर लिहिलेला हिशेब लागू नाही आणि गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा झटपट दावा असेल तर हजेरी लावायला फक्त दहा दिवस असतात. कर्ज पतसंस्थेचे असेल तर बहुधा सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार निबंधकांकडून वसुली दाखला येतो आणि त्याला आव्हान द्यायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून तेथे दाखला निघण्यापूर्वीच म्हणणे मांडावे. दाव्याआधीच्या लोकअदालतीची नोटीस हे समन्स नव्हे. तेथे तडजोड न पटल्यास नाही म्हणता येते. आणि ज्यांच्यावर एकतर्फी हुकूमनामा होऊन गेला आहे, त्यांनी तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यावा. समन्स मिळालेच नव्हते, तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात.

शेवटचा प्रश्न बाबांचा. सांगायलाच हवे आणि तारखेच्या आधी. तुम्ही वावरात असताना पुढचा कागद घेऊन बेलिफ आला तर दारात तेच असतील, आणि काहीच माहीत नसलेला माणूस अशा वेळी घाबरून नको तेथे अंगठा देऊन बसतो. शिवाय जमीन त्यांना कशी मिळाली, आजोबांकडून वारसाने की खरेदीने, हे तुमच्यापेक्षा त्यांना ठाऊक आहे. तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढायला त्यांनाच सोबत घेऊन जा आणि ते कागद समन्सच्या प्रतीबरोबर पहिल्याच भेटीत वकिलाच्या हाती द्या.